सांधा

तांबट आळीत बाबा तांबं ठोकायचे
तेव्हा भांडं लाल व्हायचं, हात काळे.
सातपूरला माझ्या पुढ्यातही तांबंच आहे:
एक वेटोळी नळी, आतून गार पाणी फिरतं,
आणि ती शिवत नाही कशालाच.

बोटभर वरून सरकते नुसती.
खाली कार्बनच्या धाग्यांचे दोन काळे पत्रे,
त्यांच्या पोटातूनच आच उठते,
प्लास्टिक मऊ होतं, रोलर दाबतो,
झालं.
ना खिळा, ना डिंक, ना धूर.

पहिल्या दिवशी दिघोळे म्हणाले,
अंगठी काढा बाई, तीही तापेल.
काढली. डब्यात टाकली, लोणच्याच्या पुडीशेजारी.
घरी जाऊन घालायची राहिली, एकदा, मग रोजच.
कुणी विचारलं नाही.
ह्यांनीही नाही.

बाबांना दाखवायला एक तुकडा नेला.
त्यांनी नखानं सांधा चाचपला,
कानाशी धरून टिचकी मारली,
म्हणाले, याला आवाज नाही गं.

नाही.

आज तसाच एक ओढून पाहिला यंत्रावर.
कडाडकन तुटला
सांध्याच्या चार बोटं अलीकडे.
दिघोळ्यांनी वहीत लिहिलं, पास.