डावा हात

मस्कासाथेत हेडाऊंच्या दुकानात कामाला लागले
तेव्हा माझ्या कुर्त्याला खिसा नव्हता.
"डावा हात खिशात," ते म्हणाले.
मी तो पाठीमागे धरला,
वर्गाबाहेर उभी केल्यासारखी.
दुसऱ्या दिवशी आईच्या मशीनवर
जुन्या अभ्र्याचा खिसा शिवून आले.
हेडाऊ हसले नाहीत.
म्हणाले, "आता बस."

टेबलावर पत्र्याचा डबा,
मेलेल्या कॉम्प्युटरच्या पोटातून काढलेला.
हिरवी तार काळीला जोडली की त्याचा पंखा घरघरायचा
आणि पिवळीतून बारा व्होल्ट यायचे, लालमधून पाच.
एवढुसे.
"बारा मारत नाही," हेडाऊ म्हणायचे,
"पण त्याच्या मागं वीस अँपिअर उभे राह्यले.
अंगठी काढ. बांगडी काढ.
तार पातळ घेशीन तर तारच पेटन,
फ्यूज बसन पाहत."

बांगड्या काढल्या त्या काढल्याच.
लग्नघरी मावशी म्हणाली, काहून व, हात रिकामे?
वीस अँपिअरचं तिला काय सांगणार.

मे महिन्यात कूलरखाली पाणी साचायचं,
म्हणून स्टुलाखाली रबराचा तुकडा,
डब्याच्या जाळीवर कधी बिल नाही, कधी कागद नाही,
त्यालाही श्वास लागतो, छेचाळीस डिग्रीत तर लागतोच.
शटर वर जाताच पहिला प्रश्न:
"अर्थिंग पाह्यलं का?"
मागच्या बोळात कोळसा-मीठ घातलेला खड्डा होता,
त्यात मी उन्हाळाभर रोज बादली ओतायचे.
शेजारचा डाळवाला विचारायचा,
कोणतं झाड लावलं, दिसत तर नाही.

डबा उघडायचा तर आधी प्लग काढायचा.
काढला म्हणजे झालं, असं नाही.
"आत दोन कपॅसिटर हायेत,
तीनशे व्होल्ट पिऊन बसलेले.
लाइन गेली हे त्याईले कोणी सांगत नाही."
मग साठच्या बल्बच्या दोन तारा, एका हातानं, एकेक करून.
बल्ब एकदा डोळा उघडायचा
आणि मिटायचा.
मग मीटर. मीटरवर शून्य आलं की
मगच चहा.

अकरा वर्षं.
आता दुकान मी चालवते, पाटीवर नाव त्यांचंच.
दुपारी ते येतात, भिंतीला टेकून बसतात,
कधी माझं नाव विसरतात, कधी स्वतःच्या सुनेचं.

परवा शकील घाईत आला, संध्याकाळी कार्यक्रम,
सप्लायमधून करपल्याचा वास.
मी प्लग काढला, झाकण उघडलं,
बल्ब घ्यायला वळले,
आणि हेडाऊ उठून आले,
दोन्ही हात सरळ आत.

मी त्यांच्या मनगटावर मारलं.
चांगलं जोरात.
शकील जमिनीकडे बघायला लागला.
कूलर तेवढा वाजत राहिला.
मी काही बोलले नाही, तारा टेकवल्या:
बल्ब भक्कन पेटला.

तो त्यांनी पाहिला.
विझल्यावरही त्याच जागी पाहत राहिले.
डावा हात हवेत तसाच,
जागा सापडत नसल्यासारखा.
मी तो धरून त्यांच्या बंडीच्या खिशात ठेवला,
आत खर्ऱ्याची पुडी चुरचुरली.

बऱ्याच वेळानं, शकील गेल्यावर, म्हणाले,
"अर्थिंग पाह्यलं का?"
"पाह्यलं," मी म्हणाले.

त्या दिवशी पाणी टाकायचं राहिलं होतं.
ते घरी गेल्यावर
अंधारात बोळात बादली नेली.
कोरडी माती बराच वेळ
पीत होती, आवाज करत.