अनामिका

सर्जेकोटच्या शाळेला टेरोसॉर हवा होता.
शेलटकर बाईंनी पुस्तकातलं चित्र उघडून दाखवलं.
माझ्या बापाने विचारलं एवढंच :
या टोकापासून त्या टोकापर्यंत किती वाव?
बाईंनी मीटर मोडून हिशोब केला. साडेपाच.
"मग ह्या पाखरू न्हय बाई, ही होडी आसा."

हाडं पोकळ होती, बाई म्हणाल्या.
बाप परड्यात गेला नि चिव्याच्या काठ्या तोडून आणल्या.
सांधे काथ्याने आवळले. चोच उंडीच्या लाकडाची.
कातडीला जुनं शीड,
ज्याला अजून बांगड्याचा वास होता.

अडलं ते पंखापाशी.
वटवाघूळ चार बोटं पसरतं.
याचा सगळा पंख एकाच बोटावर,
करंगळी नाहीच, तिच्या शेजारचं,
लांबत लांबत आभाळात गेलेलं.
अनामिका, बाई म्हणाल्या.
बापाने उजवा हात वर केला.
ती त्याच्याकडे नव्हती.
अठ्ठ्याहत्तर साली करवतीखाली गेली,
खाडीत पडली.
"माशांनी खाल्ल्यानी."
कुणी हसलं नाही. मग तोच हसला.

त्या रात्री पडवीत कंदील घेऊन
त्या रिकाम्या जागेपासून पुढे
तो हवेत काहीतरी मोजत बसला होता.

आपल्याकडे याचं हाड मिळायचं नाही.
यांच्यातले शेवटचे उडत होते तेव्हा
सह्याद्री अजून पातळ होता,
लाल, वाहता.
आणि जांभ्याला कसलीच आठवण नाही,
चिरा फोडा, आत चिराच.

पुरा झाल्यावर कळलं, दार अडीच हात.
जन्मभर होड्या बांधलेला माणूस
पाण्याकडची वाट ठेवायला विसरला.
सात वर्षं तो वर्गातच, पंख मिटून,
चोचीला तिसरीच्या पोरांची दप्तरं.

यंदा शाकारणीला कौलं उतरली.
वासे उघडे, वर नुसतं आभाळ.
बाप काठी टेकत आला, म्हणाला,
उघडून बघूया एकदा.
दुपारचा खारा वारा शिडात शिरला,
चिवा कुरकुरला,
मी दोर धरला होता, तो ओढला गेला.

उडाला नाही.
दोन वासे मोडले फक्त,
आणि डावा पंख भिंतीवरून बाहेर पडून राहिला,
सगळंच्या सगळं बोट समुद्राकडे.

संध्याकाळी गडी कौलं चढवायला आले.
बाप पायरीवर बसलेला, वर न बघता म्हणाला,
"फाल्या येवा."