तिसरं रूप

ग्रिम्सबीच्या ग्रंथालयात, मंगळवारी साडेसहाला
मी फळ्यावर तीन रकाने आखते.
गो, वेंट, गॉन.
बार्शीच्या शाळेत आम्ही हे पाढ्यांच्या चालीवर म्हणायचो,
बे एके बे म्हणावं तसं,
कुठे जायचंय ते ठाऊक नसताना.

युराते पट्टीने समास आखतेय.
सेनाइतचा धाकटा टेबलाखाली झोपी गेलाय,
तिच्याच बुटांवर डोकं ठेवून.
दोमिंगोसच्या हातांना हॅडकचा वास.
तीन साबण बदलले, जात नाही म्हणतो.
मासळीच्या कारखान्यात रात्रपाळीला तो सुरी चालवतो,
म्हणून आज त्याला आवडलेलं क्रियापद:
कट, कट, कट.
"हे बरं, टीचर. काल, आज, केव्हाही, तेच."
अशी आणखीही आहेत, मी म्हटलं. पुट. शट. हर्ट.
हर्टपाशी तो थांबला.
तिन्ही रकान्यांत सावकाश लिहून घेतलं.

मग त्याचं नेहमीचं वाक्य:
आय ॲम लिव्हिंग हियर सिन्स नाइन इयर्स.
मी खोडते. हॅव बीन लिव्हिंग, फॉर नाइन इयर्स.
जे सुरू झालंय आणि अजून संपलेलं नाही,
त्याच्यासाठी हे.
"आणि संपलं, ते कळतं कसं?"
शिक्षकांच्या प्रतीत मागे सगळी उत्तरं असतात.
हे नव्हतं.

"तुमच्या भाषेत काय करता?" सेनाइत.
मी सांगितलं, खालून कुणी हाक मारली
की केस विंचरायचे असोत, चपलेचा एक पाय सापडत नसो,
आम्ही ओरडतो, आलेच!
भूतकाळ.
माणूस अजून आरशासमोर.
"म्हणजे खोटं."
खोटं नाही. उसनं घेतलेलं.

भावाला फोनवर चौदा वर्षं मी हेच म्हणत आले आहे
(बघा, आपल्याकडेही आहे तो काळ),
पण हे काही वर्गात बोलले नाही.

आठाला रखवालदार एकेक दिवा मालवत आला.
गोदीकडून वारा सुटलेला.
मुलाला खांद्यावर टाकून सेनाइत गेली, युराते गेली.
दोमिंगोसने टोपी कानांवर ओढली, पाळीला उशीर झालेला,
दारातून वळला:
"नेक्स्ट ट्यूसडे, टीचर. आलेच!"

पुरुषाने आलोच म्हणायचं असतं.
मार्कर हातातच होता.
मी त्याला टोपण लावलं.