डिकीतली धूळ

बाबाच्या हुद्द्याला कंपनीत लांबलचक नाव होतं.
घरी आम्ही म्हणायचो, धूळ मोजतो.

मूळ आराखडा जपानहून आलेला,
निळ्या कागदांच्या अठरा पेट्या,
गुळगुळीत रस्त्यांच्या देशात वाढलेली गाडी :
चार दारं, नाकासमोर चालणारी,
दोघं पुढे, दोघं मागे, आणि तिसरा
असलाच तर बारीक.
मेलबर्नच्या पश्चिमेला, आल्टोनाच्या शेडमध्ये
तिला म्हणे इथली करायची होती.

इथली म्हणजे काय, असं बाबाला विचारलं असतं
तर म्हणाला असता, ब्रोकन हिलच्या पुढे जा,
डांबर संपतं आणि रस्ता पत्र्यासारखा पन्हळी होतो,
तिथे चारशे किलोमीटर दात वाजू देत,
मग थांब, उतर, डिकी उघड.

तो उघडायचा.
आत लाल पिठी, मैद्याहून मऊ,
स्टेपनीवर, जॅकवर, त्याच्या डब्यातल्या पावावर.
त्या धुळीतच तो बोटाने गुण लिहायचा, दहापैकी,
फोटो काढायचा,
आणि रबराची पट्टी नखाने उचकटून बघायचा
कुठून शिरली ही बया.
पहिल्या वर्षी दोन. कधी तीन.
एकदा नुसतंच शून्य,
आणि त्या शून्याला डोळे-तोंड.

त्या हिवाळ्यात घरी आला आणि म्हणाला, कोट घाला.
चेन्सू, मारीस आणि मधे मी,
स्वयंपाकघरातल्या बाकावर, जुलैतले जाड कोट,
आईची शिवणाची फीत आमच्या मांड्यांवरून आडवी.
चेन्सूने कोपर मारलं, मी चावले,
रडली मारीस. बाबाने सगळं मोजलं.
दुसऱ्या दिवशी टायवाल्यांच्या बैठकीत
मोडक्या इंग्रजीत वाचून दाखवलं :
मुलं तीन. कोट घातलेली. भांडत असलेली.
गप्प बसलेली मुलं मोजू नयेत.
हसले म्हणे सगळे.
पण मागचं दार अकरा मिलिमीटर बाहेर सरकलं.
अकरा. फितीवर बघा,
माझ्या चाव्याएवढं.

कारखान्यात तिचं नाव के-चौदा.
बाजारात निघाली तेव्हा जाहिरातवाल्यांनी
कुठल्याशा वाऱ्याचं नाव दिलं.
बाबा तिला ह्मारा म्हणायचा, माल्टी भाषेत गाढवीण,
त्याच्याकडे याहून मोठी पदवी नव्हती.
शेवटच्या फेरीचा फोटो आईने फ्रिजवर लावला :
उघडी डिकी, करडा गालिचा,
आणि अधांतरी थांबलेलं त्याचं बोट.
दहा लिहायला धूळच नव्हती.

मग लोकांना उंच गाड्या हव्याशा झाल्या.
शेडचं आता गोदाम झालंय, कसलं ते मी विचारलं नाही.
बाबा गेला त्या वर्षी शेवटचा डीलरही
गाद्या विकायला लागला होता.

गेल्या मार्चमध्ये, अडतीस डिग्रीत,
भंगारवाल्याकडे आरसा शोधायला गेले
तर ती तिथे, विटांवर,
इंजिन काढलेली,
मागच्या काचेला कुणा पोराचे डायनासोर चिकटलेले.
मी मधे जाऊन बसले.
पन्नाशीला टेकलेली बाई, दोन्ही पाय उंचवट्याच्या दोन बाजूंना.
कोपर कुणाला लागलं नाही.
चेन्सू पर्थला असतो.
मारीसशी बोलणं बंद, आईच्या घराच्या वाटणीपासून.

डिकीची किल्ली नव्हती. त्या माणसाने
स्क्रूड्रायव्हर घालून कडी सोडवली.
आत धूळ होती.
असणारच, तीस वर्षं, रबर वाळून तडकलेलं.
बोट टेकवलं आणि कळेना किती देऊ.
सात लिहिले.
लगेच वाटलं, त्याने सहाच दिले असते,
पण पुसलं नाही.

फोटो काढला. कुणाला पाठवायचा याचा
फार विचार न करता मारीसला पाठवला.
रात्री अकरा वाजता फोन थरथरला,
एवढंच :
कोट घातला होतास का?