टाळ्या वेगळ्या घेतल्या

नाटकात बहिणी स्वारगेटला उतरतात
तेव्हा त्यांची ट्रंक पुठ्ठ्याची असते.
मागे शहर म्हणून एक पडदा:
लकडी पूल, तीन खिडक्या, न हलणारा टांगा.

आमची ट्रंक पत्र्याची होती.
बार्शीहून मांडीवर घेऊन आलो,
अर्धी शालनच्या, अर्धी माझ्या.
आत चार साड्या, शेंगाचटणी,
आणि अण्णांची संबळाची आकडी, शकुनाला.

नारायण पेठेत खोली मिळाली, पिठाच्या गिरणीच्या डोक्यावर.
पट्टा दिवसभर काळी चारमध्ये घोंगावायचा.
तानपुऱ्याला पैसे नव्हते.
शालन म्हणाली, हा काय, चालूच आहे.
ज्वारी पडली की सूर किंचित बसायचा,
गहू आला की पुन्हा उठायचा,
ती त्याच्या मागोमाग.
गुरुवारी गिरणी बंद.
गुरुवारी घरात सगळं बेसूर,
माझं बोलणंसुद्धा.

मी लक्ष्मी रोडला फॉल-बिडिंग करायचे,
साडीमागे सव्वा रुपया.
शालनला धाकटीचं काम मिळालं.
खरं तर थोरली तीच, पण उंचीनं बुटकी.
नाटकातली थोरली डेक्कनची होती, स्कूटरवर यायची.
तिसऱ्या अंकात धाकटी हरते, गावी परत निघते,
निघताना एक पद म्हणते.
तेवढ्यासाठी लोक थांबायचे.

मग मुंबईहून दूरदर्शनची गाडी आली.
अजगरासारख्या केबली,
दिवे असे की रंग नाकावरून ओघळला.
पहिल्यांदा पद झालं तेव्हा कुणी तरी खोकलं.
दुसऱ्यांदा एक कॅमेरा झोपला.
तिसऱ्यांदा बारा वाजून गेले होते,
प्रेक्षक कधीच शेवटच्या बससाठी उठून गेलेले,
खुर्च्यांवर पास तेवढे बसलेले.

शालन गायली.
तशी ती आधी गायली नव्हती, नंतरही नाही.
शपथेवर सांगते,
पण मी बहीण आहे, माझी साक्ष धरू नका.
संपलं, आणि कुणीच वाजवलं नाही.
होतो आम्ही थोडे,
आम्हाला सांगितलेलं, आवाज करायचा नाही.

टाळ्या वेगळ्या घेतल्या.
चहावाला, दोन वायरमन, पडदा ओढणारे काशीदमामा,
पेटीवाले, रंगवाल्याचा पोरगा, मी.
हेडफोनवाला ओरडला, अहो बाई, बांगड्या काढा!
दोन निघाल्या. एक निघेना.
एकवीस जणांच्या टाळ्या, चार वेळा.
त्या त्यांनी एकावर एक अंथरल्या, गोधडीसारख्या.
म्हणजे माझ्याच धंद्यातला प्रकार.

रविवारी बार्शीत कंपाउंडरच्या घरी पाऊण गल्ली जमली.
आईनं कुणाकडून तरी कार्ड लिहवून घेतलं:
शालनला बघून डोळे भरले.
केवढे लोक गं, थेटर फुटायची वेळ.
कुंदा कुठं होती? दिसली नाही.

मी उलट टपाली लिहिलं, होते.

शालन गावी परत गेली नाही, हेही सांगायला हवं.
स्टेजवर शंभर वेळा गेली, तिथंच हौस फिटली म्हणते.
पुढं नाटक बंद पडलं, गिरणी गेली,
आता बिबवेवाडीत लहान मुलींना शिकवते,
काळी चारमध्येच.

परवा तिच्या नातीनं ते पद फोनवर शोधून काढलं.
चित्राला मुंग्या आलेल्या.
शालन स्वतःच्या तोंडाकडे बघेना,
म्हणाली, दुसऱ्या ओळीत निषाद चढलाय.
मी पद ऐकतच नव्हते,
ते संपायची वाट बघत होते.

टाळ्या आल्या, भरगच्च,
आणि सगळ्यांच्या मागून, जराशी उशिरा,
काचेची एक बारीक किणकिण.

नात म्हणाली, ऑडिओ खराब आहे.

शालननं फोन तिच्या हातून घेतला,
चष्मा वर सारला,
थोडं मागं नेलं,
पुन्हा लावलं.