साधं की बाटलीचं

पान एकशे बारा.
खिळे जुळवणारे गेले, तरी संगणकावर कुणीतरी जुळवलं होतं:
‘न्यूझीलंडचे मूळ रहिवासी मोरी.’
लाल शाईनं गोल केला आणि एकटीच हसले,
नारायण पेठेतल्या त्या माळ्यावर.
आमच्याकडे मोरीत भांडी घासतात.

पुढच्या पानावर मावरी, त्याच्या पुढे मॅओरी,
तळटिपेत तर ‘माओरीज’,
शेपटीला इंग्रजी ज बांधलेला.
दातीर सर म्हणाले, ‘एक काहीतरी ठरवा
अन् सगळीकडे तेच ठेवा. मुलं काय तिकडे जाणारेत?’

डेक्कन कॉलेजात तिकडच्या एक बाई आल्यात, असं कळलं.
दुपारी गेले, प्रुफं पिशवीत.
तिनं नाव सांगितलं आणि माझी जीभ अडखळली.
ङाइरे.
तो ङ, जो आम्ही शाळेत नुसता घोकला,
तक्त्यावर ज्याच्या चौकटीत चित्रच नसायचं,
तो तिच्याकडे नोकरीला लागलेला.

‘पहिला आ लांब,’ ती म्हणाली. ‘डोक्यावर रेघ देतो आम्ही.
पुष्कळ वर्षं कुणी दिलीच नाही.’
मी काना दाखवला. तिनं तो बोटानं गिरवला.
शेवटची रि तिची आखूड,
आमच्या नियमानं शब्दाच्या शेवटी दीर्घच.
‘असू दे,’ हसली, ‘तुमच्या घरात तुमचे नियम.’
अनेकवचन? तेच.
एक माळी, दहा माळी, तसं.

आणि अर्थ?
‘साधं. नेहमीचं. परक्यांची गलबतं लागेपर्यंत
आम्हाला वेगळं नाव लागलंच नव्हतं.
नदीचं, प्यायचं पाणी असतं ना,
ते वाई माओरी.’

वाई!
माझं गाव वाईजवळ, ओझर्डे.
तिथे आम्ही पानी म्हणायचो.
पाचवीला मामाकडे पुण्यात आले,
वर्गात उभं राहून ‘पानी’ म्हटलं
आणि मागचे बाक हसले, मग पुढचेही.
तेव्हापासून माझा ण चुकत नाही.
इतका चुकत नाही, की त्याचाच पगार मिळतो.

हे मी ङाइरेला सांगितलं नाही.
येरवड्याच्या बाजूला एका हॉटेलात बसलो,
पोऱ्यानं ओलं फडकं फिरवत विचारलं,
‘साधं की बाटलीचं?’
‘साधं पानी आण,’ मी म्हटलं.
त्याला काहीच वेगळं वाटलं नाही.

सकाळी पान एकशे बारावर माओरी लिहिलं,
आणि समासात, बारीक अक्षरात:
जुळवताना काना गाळू नये.