इथे हाड नाही

पट्टीवर निळ्या मार्करने लिहिलं होतं : इथे हाड नाही.
खाली बाण.
मी वाचून दाखवलं, सर्जेराव अर्धाच हसला,
उजवं तोंड तेव्हा बंद होतं.

तुर्भ्याच्या गाळ्यात कांद्याची थप्पी कलली
तेव्हा पन्नास किलो मानेवर घेऊन पळणारा हा गडी
खाली बसून तंबाखू मळत होता.

मेंदू सुजला, म्हणून डावं हाड काढलं
आणि पोटाच्या कातडीखाली शिवून ठेवलं.
तिथे ताजं राहील, म्हणाले.
बेंबीशेजारी भाकरीच्या चतकोराएवढा उंचवटा,
अंग पुसताना माझा हात अडायचा.
सासूबाई म्हणाल्या, सटवीनं कपाळावर लिहिलेलं
पोटात गेलं, आता वाचणार कोण?

तीन महिन्यांनी हाड जागेवर गेलं.
कोपरखैरण्यात अख्ख्या चाळीला पेढे.
सतराव्या दिवशी उशीवर पिवळा डाग.
मी आधी हळदीचा समजले.

पुन्हा काढलं. या वेळी पोटात नाही,
पिवळ्या पिशवीत. सही माझी.

मग पाच महिने ती खळगी.
बसला की आत जायची, निजला की भरायची,
खोकला की बेडकाच्या गळ्यासारखी उडायची.
थोरलीने मैत्रिणींना घरी आणणं थांबवलं.
मी तिला बोलले नाही. जेवताना
मीही ताटातच बघत होते.

आता टायटॅनियम. सात स्क्रू.
टोळीतल्या बावीस जणांनी पैसे काढले, उरलेले माझ्या पाटल्यांनी.
रिझल्ट उत्तम, डॉक्टर म्हणाले,
आणि खोटं नाही ते : कपाळ गोल आहे, टोपी सरळ बसते,
पाय ओढतो पण चालतो,
जानेवारीपासून फिट एकदाच.

कांद्याला तो मीठ म्हणतो.
मला आक्का.
मी ओ देते.

डोक्यावर ओझं घ्यायचं नाही, लिहून दिलंय.
मापाड्याशेजारी स्टुलावर बसतो,
काटा थांबला की डावा हात वर करतो.
दुपारी पत्रा तापतो म्हणतो. तो शब्द मात्र बरोबर येतो.

डावी कूस मनाई, म्हणून
चौदा वर्षांनी आम्ही झोपायच्या जागा बदलल्या.
भिंत माझ्याकडे आली.
काल लाइट गेल्यावर त्याने माझं बोट धरून नेलं तिथे,
टकटक केलं,
आणि विचारलं, कोण?

मी नाव सांगितलं. पूर्ण, माहेरच्या आडनावासकट.